देहाचा जमाखर्च

गिरणीतून नुकतेच दळून आणलेल्या पिठाच्या डब्यास हात लावला तर तो ऊन लागतो, हा अनुभव ज्यास नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. गिरण्या येण्यापूर्वी घरोघर पहाटे जाती फिरत, तेव्हाही दोन दगडांमधून पडणारे पीठ असेच कोमट असे आणि दळणाऱ्या बाईच्या कपाळावर ऐन पौषातही घाम येई. दळण चाले त्या जागी चूल नसे, सूर्य उगवलेला नसे, धान्य तर रात्रभर गार पडलेले असे. मग ही ऊब आली कोठून? घर्षणाने आली, असे शाळेतला मुलगाही सांगेल. पण घर्षण ही काही उष्णतेची खाण नव्हे. जाते आपण होऊन फिरत नाही. ते बाई फिरवते, आणि बाईच्या हातांत ते बळ येते आदल्या रात्रीच्या भाकरीतून. म्हणजे त्या एका भाकरीने दोन कामे केली: बाईचे शरीर ऊन ठेवले आणि तिच्या हातून पीठही ऊन केले. ह्या दोन्हींची बेरीज मांडली तर ती भाकरीत साठलेल्या शक्तीएवढीच भरेल काय? की जिवंत देहात अशी एखादी स्वतंत्र शक्ती वसत असते, जी हिशेबात पडलेली तूट आपल्या पदरची भर घालून मिटवते?

प्रश्न दिसावयास घरगुती आहे. पण त्याचा निर्णय लागावयास युरोपातील शास्त्रज्ञांना १७८३ पासून १८९४ पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे लागली. ऊर्जा नव्याने उत्पन्न होत नाही आणि नाशही पावत नाही, हा सिद्धान्त वाफेच्या यंत्रांतून निघाला अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. ह्या सिद्धान्ताचे जनक म्हणून ज्या तिघांची नावे मुख्यतः घेतली जातात त्यांपैकी दोघे वैद्य होते, आणि दोघांनाही ह्या वाटेवर आणून सोडले ते यंत्राने नव्हे, तर सजीव देहाने. त्यांतल्या एकाला त्याची किंमत फार जबर द्यावी लागली. त्याची हकिकत हाच ह्या लेखाचा मुख्य विषय आहे. पण तिचा आरंभ त्याच्या जन्मापूर्वी, पॅरिसमध्ये होतो.

आंत्वान लाव्हॉज्ये हा आधुनिक रसायनशास्त्राचा प्रवर्तक. पण पोटापाण्याच्या व्यवसायाने तो फ्रेंच राजाच्या करवसुलीच्या इजारदारांपैकी एक होता. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळली पाहिजे, हा इजारदाराचा संस्कार त्याने प्रयोगशाळेत आणला. ज्वलन म्हणजे हवेतील प्राणवायूशी होणारा संयोग, हे त्याने तराजूच्या जोरावर ठरविले. पुढे त्याची दृष्टी श्वासोच्छ्वासाकडे वळली. श्वास घेणारा प्राणी प्राणवायू आत घेतो आणि कर्बवायू बाहेर टाकतो. जळता कोळसाही तेच करतो. तर मग दोघांची उष्णताही एकाच जातीची नसेल कशावरून?

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हॉज्ये आणि गणितज्ञ लाप्लास ह्यांनी एक भांडे तयार केले. मध्यभागी एक पोकळी, तिच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्या बर्फाभोवती पुन्हा बर्फाचे दुसरे वेष्टण. पोकळीत ठेवलेल्या पदार्थातून जी उष्णता निघेल ती आतला बर्फ वितळवील. वितळलेले पाणी तोलले की उष्णतेचे माप झाले. ह्या पोकळीत त्यांनी एक गिनीपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या देहाच्या उष्णतेने १३ औंस बर्फ वितळला. दुसऱ्या प्रयोगात तेवढ्याच वेळात तो प्राणी किती कर्बवायू सोडतो हे त्यांनी मोजले, आणि तितका कर्बवायू कोळसा जाळून उत्पन्न केला तर किती बर्फ वितळेल ह्याचा हिशेब केला. तो भरला सुमारे साडेदहा औंस. दोन आकड्यांत अंतर आहे खरे. पण प्रयोगाची अवजारे पाहता ते जुळले असेच म्हटले पाहिजे. १७८३ च्या जून महिन्यात त्यांनी हा निबंध फ्रेंच अकादमीपुढे वाचला. श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलनच होय, हा त्याचा निष्कर्ष होता.

पुढे १७८९ च्या सुमारास लाव्हॉज्येने सेगँ नामक सहकाऱ्यावर प्रयोग करून पाहिले. माणूस वजन उचलू लागला की प्राणवायूचा खप वाढतो, हे त्यात निदर्शनास आले. त्यावरून त्या धनाढ्य इजारदाराने जे लिहिले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे: जो मजूर अंगमेहनतीने आपला देह अधिक जाळतो त्याच्याच पानात अन्न कमी, आणि ज्यास फारशी गरज नाही त्याच्यापाशी ते विपुल, असे का असावे? त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला, आणि ८ मे १७९४ रोजी इतर इजारदारांबरोबर लाव्हॉज्येचाही शिरच्छेद झाला. त्याच्या खातेवहीतले एक पान मात्र कोरेच राहिले. वजन उचलताना देह अधिक जळतो हे त्यास दिसले होते; पण त्या उचललेल्या वजनात काय जमा होते, हे त्याने मांडले नव्हते. उष्णता हा एक वजनरहित द्रव आहे अशी त्या काळची कल्पना होती. आणि द्रवाचे रूपांतर कामात व्हावे कसे?

ह्या द्रवकल्पनेस जबर धक्का दिला तो रम्फोर्ड ह्या अमेरिकेत जन्मलेल्या सरदाराने. म्युनिक येथील शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरल्या जात असता धातू विलक्षण तापतो हे त्याने पाहिले. एक बोथट पाते, घोड्यांच्या बळावर फिरणारा सांगाडा आणि भोवती पाणी अशी योजना त्याने केली. सुमारे अडीच तासांत ते पाणी विस्तवावाचून उकळू लागले. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. तेव्हा ती द्रव नसून गतीचाच प्रकार असली पाहिजे, असे त्याने १७९८ साली प्रसिद्ध केले. त्याच निबंधात जाता जाता तो म्हणतो की पाणी तापविण्याचा हा मार्ग फायद्याचा नव्हे. घोड्यास जो चारा घालावयाचा तोच चुलीत घातला तर अधिक उष्णता मिळेल. चारा, घोडा, कार्य, उष्णता, ही सारी साखळी ह्या एका वाक्यात आली आहे. पण रम्फोर्डने तिच्याकडे व्यवहारचातुर्याची एक टीप म्हणूनच पाहिले. पुढे १८०५ साली त्याने लाव्हॉज्येच्या विधवेशी विवाह केला. परंतु तिच्या पहिल्या पतीच्या खातेवहीतले ते कोरे पान काही त्याच्या हातून भरले गेले नाही.

ते भरणारा माणूस १८१४ साली जर्मनीत नेकर नदीकाठच्या हाइलब्रोन गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी जन्मला. युलियुस रोबर्ट मायर हे त्याचे नाव. लहानपणी त्याने ओढ्यावर एक पाणचक्की मांडली होती, आणि त्याच चक्कीच्या बळावर पाणी पुन्हा वर चढवून ती अखंड फिरती ठेवावी असा त्याचा बेत होता. तो अर्थातच फसला. फुकटात काम मिळत नाही, हा धडा त्याच्या मनात तेव्हापासून रुतून बसला असावा. ट्यूबिंगेन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १८४० च्या फेब्रुवारीत तो एका डच जहाजावर वैद्य म्हणून नोकरीस लागला व रॉटरडॅमहून जावा बेटाकडे निघाला.

जावा बेटावर पोचल्यावर खलाशांत आजार पसरला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मायरने त्यांच्या दंडाची शीर तोडून रक्त काढले. ते रक्त पाहून तो दचकला. नीलेतून निघणारे रक्त काळपट असावयाचे. हे तर लालभडक होते. आपल्या हातून चुकून धमनीच तुटली की काय, असे त्यास क्षणभर वाटले. तेथल्या वैद्यांनी सांगितले की उष्ण देशात रक्त असेच दिसते. दुसरा कोणी असता तर ह्या उत्तराने स्वस्थ होऊन कामाला लागला असता. मायर मात्र त्या रंगापाशीच थबकला.

त्याची विचारसरणी अशी होती. रक्त काळवंडते ते देहातील ज्वलनात त्याचा प्राणवायू खर्ची पडल्यामुळे. उष्ण देशात देहातून उष्णता कमी बाहेर जाते. म्हणून देहास आपली ऊब राखण्यासाठी कमी जाळावे लागते. म्हणून रक्तात प्राणवायू अधिक शिल्लक राहतो आणि ते लाल दिसते. येथवर तो लाव्हॉज्येच्याच वाटेने चालला होता. परंतु पुढचे पाऊल त्याचे स्वतःचे. देह उष्णता दोन मार्गांनी उत्पन्न करतो: एक प्रत्यक्ष आपल्या अंगात, आणि दुसरी कार्याच्या द्वारे अंगाबाहेर, जशी दळणारी बाई पिठात उत्पन्न करते. इंधन मात्र एकच, खाल्लेले अन्न. विशिष्ट अन्नाच्या ज्वलनातून विशिष्टच उष्णता निघत असेल, तर ह्या दोन खात्यांची बेरीज नेहमी तेवढीच आली पाहिजे. आणि ती तशी यावयाची असेल तर अमुक इतके कार्य म्हणजे अमुक इतकी उष्णता, असा एक कायमचा विनिमयाचा दर सृष्टीत ठरलेला असला पाहिजे. मग ते कार्य मनुष्याने केलेले असो, घोड्याने केलेले असो, की उंचावरून पडणाऱ्या दगडाने. एका खलाशाच्या रक्ताच्या रंगावरून सृष्टीच्या एका मूलभूत नियमापर्यंतची ही झेप आहे. ह्या विचाराने त्यास एवढे पछाडले की त्या नव्या मुलखाची मौज पाहण्याऐवजी तो बहुतेक वेळ जहाजावरच बसून राहिला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. मायरने रक्ताच्या लालीचे जे कारण दिले ते आजच्या शरीरशास्त्रास जसेच्या तसे मान्य नाही. उष्ण हवेत देह आपली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे फार अधिक रक्त पाठवितो; ते तेथून घाईने वाहून जाते, आणि त्यामुळे आपला बराचसा प्राणवायू न गमावताच नीलेत उतरते. लालीचे मुख्य कारण हे. ज्वलनाची काटकसर नव्हे. म्हणजे त्याने पायरी चुकीची धरली, आणि तरीही तो योग्य मजल्यावर पोचला. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग विरळ नाहीत. पण त्यावरून चुकीच्या पायऱ्यांचे समर्थन होत नाही. एवढेच दिसते की मायरच्या सिद्धान्ताचे खरे बळ त्या निरीक्षणात नव्हते, तर जमाखर्च जुळलाच पाहिजे ह्या त्याच्या आग्रहात होते.

१८४१ च्या आरंभी तो मायदेशी परतला आणि त्याने एक निबंध लिहून पोगेनडॉर्फ ह्या संपादकाच्या प्रख्यात पदार्थविज्ञानविषयक नियतकालिकाकडे पाठविला. तो छापला गेला नाही. साधी पोचही आली नाही. त्या संपादकाच्या मृत्यूनंतर, म्हणजे सुमारे तीन तपांनी, ते हस्तलिखित त्याच्या कागदपत्रांत सापडले. संपादकास सर्वस्वी दोष देता येत नाही. निबंधात यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ढोबळ चुका होत्या आणि प्रयोग एकही नव्हता. मायरने मित्रांच्या साहाय्याने आपले गणित सुधारले, आणि १८४२ च्या मे महिन्यात लीबिग ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या नियतकालिकात त्याचा दुसरा, छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. विनिमयाचा दर त्यात प्रथमच आकड्यांत मांडला होता: एखादे वजन सुमारे ३६५ मीटर उंचीवरून पडले तर त्यात जेवढे कार्य होते, तेवढ्याने त्याच वजनाचे पाणी एक अंश सेंटिग्रेडने तापेल. हा आकडा त्याने नवा प्रयोग करून नव्हे, तर हवा कोंडून तापविली असता आणि मोकळी पसरू देऊन तापविली असता लागणाऱ्या उष्णतांच्या फरकावरून काढला होता. आजचे मोजमाप सुमारे ४२७ मीटर येते. रीत बरोबर होती; त्या वेळी उपलब्ध असलेले हवेचे आकडेच सदोष होते.

त्याच्या कार्याचा खरा कळस मात्र १८४५ साली त्याने स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकेत आहे. तिचा विषय सजीवांची हालचाल आणि त्यांच्या देहातील द्रव्यांची घडामोड ह्यांचा संबंध हा होता. त्या वेळी खुद्द लीबिगसारखे थोर रसायनशास्त्रज्ञही प्राण्यांच्या देहात एक निराळी ‘जीवनशक्ती’ मानीत असत. मायरने तिला साफ नकार दिला. वनस्पती नवी शक्ती निर्माण करीत नाहीत. सूर्यप्रकाश पकडून त्या त्याचे रासायनिक रूपात संचयन करतात. प्राणी तो संचय खातात आणि त्याची उष्णता व हालचाल करतात. ह्या व्यवहारात मध्ये कोठेही भर पडत नाही आणि कोठेही गळती होत नाही. आपल्या भाकरीच्या भाषेत बोलावयाचे तर: पिठाची ऊब बाईच्या हातांतून, हातांचे बळ भाकरीतून, भाकर ज्वारीच्या कणसातून, आणि कणीस सूर्यापासून. ही साखळी आज पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपते. १८४५ साली ती एका लहान गावच्या वैद्याने पदरचे पैसे घालून छापली, आणि ती वाचणारे फारसे कोणी भेटले नाहीत.

इकडे इंग्लंडात सॅल्फर्ड येथील एका धनिक मद्योत्पादकाचा मुलगा, जेम्स प्रेस्कॉट जूल, मायरचे नावही ऐकलेले नसता तोच दर प्रयोगाने मोजीत होता. वजने खाली उतरत, त्यांच्या बळाने पाण्यात वल्ह्यांचे चाक फिरे, आणि पाण्याचे तपमान अंशाच्या लहानशा भागाने चढे. १८४३ पासून त्याने चिकाटीने हे प्रयोग चालविले. १८५० साली प्रसिद्ध झालेला त्याचा आकडा मीटरांत मांडला तर सुमारे ४२४ येतो. आणि १८४७ साली बर्लिनमध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ ह्या पंचवीस वर्षांच्या लष्करी शल्यवैद्याने हाच सिद्धान्त पूर्ण गणिती स्वरूपात मांडला. त्याचाही मूळ प्रश्न देहाचाच होता: जीवनशक्ती खरी मानली तर प्रत्येक प्राणी हे एक अखंड फुकट चालणारे यंत्र ठरत नाही काय? त्याचाही निबंध पोगेनडॉर्फने परत केला. तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला.

ह्यानंतर जे घडले ते वाचताना मन विषण्ण होते. मायरने आपला अग्रहक्क फ्रेंच अकादमीपुढे मांडला, तेव्हा जूलकडून उत्तर आले की नुसती कल्पना सुचणे निराळे आणि ती प्रयोगाने सिद्ध करणे निराळे. १८४९ साली एका मोठ्या जर्मन वृत्तपत्रात मायरचा सिद्धान्त अशास्त्रीय म्हणून उपहासिला गेला, आणि त्याचे उत्तर छापावयासही ते पत्र राजी झाले नाही. १८४८ साली त्याची दोन मुले लागोपाठ गेली होती. त्यात क्रांतीच्या धामधुमीत सख्ख्या भावाशी राजकारणावरून वितुष्ट आले होते. १८५० च्या मे महिन्यात एका निद्राहीन रात्रीनंतर त्याने खिडकीतून उडी टाकली. तो वाचला; परंतु पुढे त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, आणि तेथे त्या काळच्या क्रूर उपायांनी त्यास जखडून ठेवीत. १८५३ मध्ये तो सुटून घरी आला व मुकाट्याने वैद्यकी करू लागला. जर्मनीतील विद्वानांत तो मरण पावला अशी समजूत पसरली होती. खुद्द लीबिगने एका व्याख्यानात त्याचा उल्लेख दिवंगत म्हणून केला.

न्याय मिळाला तो परदेशी माणसाकडून. १८६२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडॉलने ह्या सिद्धान्तावर व्याख्यान दिले आणि त्याचे श्रेय भर सभेत हाइलब्रोनच्या वैद्यास दिले. त्यावरून इंग्लंडात मोठा वाद माजला. स्वदेशाभिमान्यांस ते रुचले नाही. तथापि रॉयल सोसायटीने आपले कोप्ली पदक १८७० साली जूलला, १८७१ साली मायरला आणि १८७३ साली हेल्महोल्ट्झला दिले. मायर १८७८ साली वारला.

मग पहिला कोण? मला स्वतःला हा प्रश्न चुकीचा मांडलेला वाटतो. डेन्मार्कमधील कोल्डिंग नावाचा एक अभियंताही १८४३ साली ह्याच सिद्धान्तापाशी येऊन ठेपला होता. एका ऋतूत अनेक झाडांना मोहोर यावा तसा हा प्रकार आहे. जूलचे म्हणणे निराधार नव्हते. मोजमापाशिवाय मायरचा विचार तत्त्वज्ञानाचा एक चमकदार कण होऊन राहिला असता. परंतु जूलचे सारे प्रयोग निर्जीव पाण्यावर, तारेवर आणि हवेवर होते. देह हा ह्या कायद्याचा अपवाद नाही, हे प्रथम ठामपणे आणि सविस्तर सांगितले ते मायरने. त्यासाठी प्रयोगशाळा नव्हे, तर एक प्रकारचे धैर्य लागते. जिवंत देहाबद्दल आपल्या मनात जे गूढ, जो आदर असतो, त्याच्याही हाती तराजू देण्यास तो कचरला नाही.

आपल्याकडे ह्या ठिकाणी एक आक्षेप हमखास निघतो. आमचे पूर्वज जठराग्नी म्हणत आले. अन्न हे त्या अग्नीचे इंधन, हे आम्हांस आधीपासूनच ठाऊक होते. मग ह्यात नवे ते काय? शब्द सुंदर आहे आणि त्यामागची दृष्टीही खोल आहे, ह्यात शंका नाही. परंतु देहात अग्नी आहे असे म्हणणे आणि त्या अग्नीने दहा तासांत १३ औंस बर्फ वितळला असे म्हणणे, ह्या दोहोंत महदंतर आहे. पहिल्या विधानाला चूक ठरण्याचे भय नाही. दुसऱ्याला आहे, आणि म्हणूनच ते ज्ञानाला पुढे नेऊ शकते. साडेदहा आणि तेरा ह्यांतील अंतर दिसले, म्हणून ते अंतर मिटविण्याची ओढ पुढच्या शतकास लागली.

ती ओढ शेवटास नेली माक्स रूब्नर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने. मधल्या काळात एक गोष्ट अनुकूल झाली होती. मायर जावाच्या वाटेवर होता त्याच १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे हेस नामक रसायनशास्त्रज्ञाने दाखविले होते की एखाद्या रासायनिक क्रियेतून निघणारी एकूण उष्णता तिच्या आरंभावर आणि शेवटावरच अवलंबून असते, मधल्या वाटेवर नाही. साखर विस्तवावर भडकून जळो, की देहात शंभर पायऱ्या उतरत संथपणे जळो. शेवटी कर्बवायू आणि पाणी हेच उरत असेल तर उष्णता सारखीच. एका ग्रॅम साखरेची ती सुमारे चार किलोकॅलरी भरते. म्हणून अन्नाची किंमत भट्टीत मोजून तीच देहास लावता येते. रूब्नरने एक कुत्रा उष्णतामापक कोठडीत ठेवला. त्याने खाल्लेल्या अन्नातून किती ऊर्जा निघावयास हवी आणि प्रत्यक्ष किती निघते, हे कित्येक दिवस मोजले. मूत्रावाटे न जळता गेलेला अंशही वजा धरला. १८९४ साली त्याने निकाल प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंतला फरक अवघा सुमारे अर्धा टक्का होता. थोड्याच वर्षांत अमेरिकेतील मिडलटाउन येथे ॲटवॉटरने खाट, खुर्ची आणि मेज मावेल एवढ्या कोठडीत माणसे दिवसेंदिवस ठेवून हाच हिशेब जुळविला. जीवनशक्तीच्या नावावर टाकावयास शिल्लक अशी काहीच उरली नाही. आज डब्यांवर आणि पुड्यांवर जे उष्मांक छापलेले असतात त्यांचे मूळ ह्याच कोठड्यांत आहे.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण जमाखर्च जुळला म्हणजे व्यवहार समजला असे होत नाही. ऊर्जा जर कधी नष्टच होत नाही, तर आपणांस रोज नवे अन्न कशास लागते? जेवढी आत आली तेवढीच पुन्हा पुन्हा का वापरू नये? ह्याचे उत्तर मायरच्या वहीत नाही. ते क्लॉझियस आणि विल्यम टॉमसन ह्यांनी १८५० नंतरच्या वर्षांत दिले. ऊर्जेची रक्कम कायम राहते, पण तिची कामास येण्याची योग्यता प्रत्येक व्यवहारात कमी होत जाते. पिठात गेलेली ऊब खोलीच्या हवेत पसरते. ती कोठेही नाहीशी झालेली नसते, पण तिने पुन्हा जाते फिरविता येत नाही. ह्या विखुरण्याच्या मापास क्लॉझियसने १८६५ साली एन्ट्रॉपी हे नाव दिले. रासायनिक क्रियेतील किती ऊर्जा कार्यासाठी खरोखर मोकळी मिळू शकते, हे अमेरिकेत गिब्जने आणि पुढे १८८२ साली पुन्हा आपल्या हेल्महोल्ट्झनेच गणिताने दाखविले. आणि व्हिएन्नाच्या बोल्ट्समनने १८८६ साली एका व्याख्यानात सांगितले की सजीवांची धडपड द्रव्यासाठी नाही, की निव्वळ ऊर्जेसाठीही नाही. तप्त सूर्याकडून थंड पृथ्वीकडे ऊर्जा येत असता वाटेत जी संधी मिळते, तिच्यासाठी ती आहे.

देह ही संधी कशी साधतो हे विसाव्या शतकात उलगडले. अन्नाची ऊर्जा एकदम भडकू दिली तर ती नुसती उष्णता होऊन जाईल. म्हणून देह मोठी नोट मोडून सुटे पैसे घ्यावेत तसे करतो. १९२९ साली लोमान ह्या जर्मन शास्त्रज्ञास स्नायूंमध्ये एटीपी नावाचे द्रव्य सापडले, आणि १९४१ साली लिपमनने दाखविले की हेच पेशींचे सर्वत्र चालणारे नाणे होय. अन्न जळताना ते तयार होते, आणि स्नायू आखडताना किंवा नवे द्रव्य घडताना ते मोडले जाते. तरीही स्नायूंच्या हाती अन्नाच्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा कार्यरूपाने लागतो. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. दळणारीच्या कपाळावरचा घाम हा त्या बाकीच्या तीन हिश्श्यांचा पुरावा आहे. स्वस्थ बसलेला मनुष्यही सुमारे शंभर वॅटच्या जुन्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता भोवताली सोडीत असतो.

ह्या इतिहासाने प्राणाचे महत्त्व कमी झाले असे काहींस वाटते. मला तसे वाटत नाही. देहाला कायद्यातून सूट नाही हे ठरल्यामुळेच, त्या कायद्याच्या आत राहून तो केवढे साधतो, हे आपणांस प्रथम दिसू लागले. आणखीही एक गोष्ट त्यातून निघते. श्रम फुकट होत नाहीत हे लाव्हॉज्येने पाहिले होते, रूब्नर आणि ॲटवॉटर ह्यांनी ते आकड्यांनी सिद्ध केले. तेव्हा जो अधिक राबतो त्याच्या पानात अधिक वाढले पाहिजे, हा आता नुसता दयेचा प्रश्न राहिला नाही. तो हिशेबाचा आहे. हिशेबात जे कमी पडेल ते कोठून तरी वळते होणारच. अन्नातून न झाले तर देहाच्या मांसातून होईल.

घरोघरची जाती गेली. त्या पहाटे किती घरांत किती बायांनी आपल्या वाटच्या भाकरीहून अधिक दळले असेल, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. पण ते कोठून वळते झाले हे आता आपणांस ठाऊक आहे. आणि एवढ्यासाठी तरी हाइलब्रोनच्या त्या वैद्याचे आपण ऋणी असले पाहिजे.